सेरेनगेटीला पहिल्यांदा जाताना: आधी महिना, मग मुक्काम, मग बाकी सगळं

टांझानियातल्या सेरेनगेटीचं नाव काढलं की घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सिंह दिसेल ना?" दिसेल. त्या परिसरात तीन हजारांच्या आसपास सिंह असल्याचं मानलं जातं, आणि उघडं माळरान असल्यामुळे तीन दिवस नीट फिरलात तर सिंह दिसतोच म्हणा ना. नवख्या माणसाने विचारायचा प्रश्न वेगळा आहे. आपण ज्या महिन्यात जातोय त्या महिन्यात वाइल्डबीस्टचे, म्हणजे गुरांसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे, फिरते कळप कुठे असतील, आणि आपला तंबू कुठे असेल?

हा प्रश्न मी पहिल्या वेळी विचारला नाही. फेब्रुवारीत गेले होते. सहल आखून देणाऱ्यांनी मुक्काम उद्यानाच्या पार उत्तर टोकाला, कोगातेंदेला ठेवला, कारण नदी ओलांडणारे कळप तिथे दिसतात. मारा नदी दिसली, मगरी दिसल्या, पाणघोडे दिसले. वाइल्डबीस्टचे मोठे कळप मात्र त्या वेळी दीडशे किलोमीटरहून जास्त दक्षिणेला, न्डुटूच्या माळावर होते. इतका पैसा आणि इतकी रजा खर्चून गेलेल्या माणसाला हे तिथे पोचल्यावर कळावं, याचं मला आजही वाईट वाटतं. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

महिना आणि नकाशा एकत्र बघा

सेरेनगेटी राष्ट्रीय उद्यान टांझानियाच्या उत्तरेला आहे. १९५१ साली ते राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९८१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. क्षेत्रफळ १४,७६३ चौरस किलोमीटर. आपल्या पुणे जिल्ह्याहून थोडंसं कमी, हे लक्षात घेतलं म्हणजे "एका ठिकाणी राहून सगळं बघू" हा विचार आपोआप मागे पडतो. नाव मसाई भाषेतलं, अर्थ साधारण असा की जिथे जमीन संपतच नाही.

कळप कुठलीही सीमा न मानता वर्षभर फिरत असतात. तेरा ते पंधरा लाख वाइल्डबीस्ट, सोबत काही लाख झेब्रे आणि गॅझेल. (गॅझेल म्हणजे आपल्या चिंकाऱ्याचे भाऊबंद.) पावसाच्या मागे ही सगळी फौज चालते. पाऊस दरवर्षी थोडा पुढेमागे होतो, त्यामुळे तारखेनिशी कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण ढोबळ चक्र पक्कं आहे.

डिसेंबर अखेरीपासून मार्चपर्यंत कळप दक्षिणेच्या आखूड गवताच्या माळावर, न्डुटूच्या आसपास असतात. त्यातही जानेवारीची अखेर आणि फेब्रुवारी हा पिलं जन्मण्याचा काळ. बहुतेक पिलं दोन-तीन आठवड्यांतच जन्मतात, ऐन भरात एका दिवसात हजारोंनी. एप्रिल-मेमध्ये मोठा पाऊस असतो आणि कळप मध्य भागातून वायव्येकडे सरकू लागतात. जूनच्या सुमारास ते पश्चिमेला ग्रुमेती नदीपाशी पोचतात. जुलैअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत ते उत्तरेला, मारा नदीच्या अलीकडे-पलीकडे असतात. पलीकडे केनियाचं मसाई मारा. नोव्हेंबरच्या छोट्या पावसाबरोबर पुन्हा दक्षिणेची वाट धरतात.

आता हे आपल्या सुट्ट्यांवर बसवून बघा. नाताळची सुट्टी किंवा जानेवारी-फेब्रुवारी असेल तर मुक्काम दक्षिणेला, न्डुटूला. दिवाळीच्या सुट्टीत जात असाल तर दिवाळी ऑक्टोबरात आहे की नोव्हेंबरात ते बघावं लागेल. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उत्तर, त्यानंतर मध्य भाग अधिक भरवशाचा. आणि मे महिना! आपल्याकडे शाळांना सुट्टी असते म्हणून पुष्कळ मराठी कुटुंबं मेमध्येच निघतात. तेव्हा तिथे मोठ्या पावसाचा शेवट असतो. मधूनमधून चिखलात गाडी रुतते, काही तळ बंद असतात, पण मुक्कामाचे दर उतरलेले असतात, गर्दी नसते, माळ हिरवागार असतो आणि आकाश रोज संध्याकाळी नवं असतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात, मध्य सेरेनगेटीत मुक्काम ठेवून जाणार असाल तर मी अडवणार नाही. लहान मुलं आणि गुडघेदुखीवाले आजी-आजोबा सोबत असतील तर मात्र जून गाठा.

एक गोष्ट आवर्जून सांगते. कळप दूर असले तरी मध्य भाग, म्हणजे सेरोनेरा, कधी ओस पडत नाही. तिथे बाराही महिने पाणी आहे, म्हणून सिंह, बिबटे, हत्ती, जिराफ, पाणघोडे हलत नाहीत. काहीच ठरत नसेल तर सेरोनेरा धरा.

कळप दक्षिणेलाच पिलं का घालतात, हे समजून घेतलंत तर माळ बघायला वेगळी मजा येते. पूर्वेच्या ज्वालामुखींनी हजारो वर्षं या माळावर राख टाकली. त्यातला ओल दोइन्यो लेंगाई आजही जिवंत आहे. त्या राखेचा जमिनीखाली चुनखडीसारखा कडक थर झाला, त्यात झाडांची मुळं शिरत नाहीत, म्हणून इथे झाड नाही, नुसतं आखूड गवत. ते गवत कॅल्शियमने भरलेलं. पिलाला पाजणाऱ्या मादीला हेच हवं असतं. शिवाय आखूड गवतात दबा धरून बसणं शिकाऱ्याला अवघड. पण पाऊस थांबला की या माळावर पाणी उरत नाही, आणि सगळ्यांना उठावंच लागतं.

इतके लाखो वाइल्डबीस्ट कायमच होते असंही नाही. बुळकांड्या हा गुरांचा रोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आफ्रिकेत पसरला आणि गुरांसोबत जंगली जनावरंही मेली. १९६०च्या सुरुवातीला इथे अडीच लाखांच्या आसपास वाइल्डबीस्ट उरले होते. भोवतालच्या गुरांना लस दिली, रोग हटला, आणि १९७०च्या दशकाअखेर संख्या तेरा लाखांवर गेली. गावातल्या गाईला टोचलेल्या लशीने जंगल भरलं, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

दिवस वाढवा, ठिकाणं कमी करा

सहल कंपन्यांच्या कागदावर सात दिवसांत पाच उद्यानं असतात. घेऊ नका. प्रत्येक जादा उद्यान म्हणजे अर्धा-अर्धा दिवस खडखडाटात. पहिल्या वेळेसाठी माझी आखणी अशी: एक रात्र अरुशा शहरात, प्रवासाचा शीण घालवायला. तीन रात्री सेरेनगेटीत, जमल्यास चार, आणि शक्यतो एकाच भागात. परतताना एक रात्र न्गोरोंगोरो या ज्वालामुखीच्या विवराच्या काठावर किंवा जवळच्या कराटू गावात. जून ते ऑक्टोबरमध्ये जात असाल आणि आणखी एक दिवस असेल तर तरांगिरे उद्यान जोडा. कोरड्या दिवसांत तिथल्या नदीवर हत्तींचे मोठमोठे कळप येतात आणि गोरखचिंचेची अवाढव्य झाडं पानं गाळून उभी असतात. मन्यारा सरोवर पुढच्या खेपेला.

मुंबईहून किलिमांजारो विमानतळावर जायला आदिस अबाबा, नैरोबी किंवा दोहा असं कुठेतरी विमान बदलावं लागतं. विमानतळावरून अरुशा साधारण पन्नास किलोमीटर. तिथून सेरोनेरा गाडीने सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, वाटेत थांबत सात-आठ तास. छोट्या विमानानेही जाता येतं, पण त्यात माणशी १५ किलोच सामान चालतं, तेही मऊ पिशवीत. चाकांची कडक सुटकेस त्या विमानाच्या पोटात मावत नाही.

पैशांचं गणित आधी मांडा

पॅकेजचा एकच आकडा बघून हरखू नका किंवा घाबरू नका, त्यातलं काय काय उद्यानाला जातं ते विचारा. गेल्या काही वर्षांत सेरेनगेटीचा परदेशी प्रौढ माणसाचा दर चोवीस तासांना ७० डॉलर अधिक १८ टक्के कर असा राहिला आहे, म्हणजे ८२ डॉलर ६० सेंट. दर बदलत असतात, बुकिंगच्या वेळी ताजा आकडा लेखी मागा. लहान मुलांना दर बराच कमी पडतो.

यात दोन ठिकाणी नवखे लोक फसतात. पहिलं म्हणजे चोवीस तास. हे तास तुम्ही नाक्यावर आत शिरता तेव्हापासून मोजतात. दुपारी एकला आत गेलात तर शेवटच्या दिवशी दुपारी एकच्या आत बाहेर पडायचं. म्हणून शेवटच्या सकाळी सिंह सोडून निघावं लागतं, त्यात चालकाचा दोष नसतो. दुसरं म्हणजे, अरुशाहून सेरेनगेटीचा नेहमीचा रस्ता न्गोरोंगोरो संरक्षित क्षेत्रातून जातो. तिथून नुसतं पलीकडे जायलाही वेगळं शुल्क आहे, जाताना एकदा आणि येताना एकदा. खाली ज्वालामुखीच्या विवरात उतरायचं असेल तर गाडीमागे आणखी जवळपास तीनशे डॉलर. चार-पाच जणांत ते वाटलं जातं, दोघांत गेलात तर टोचतं. गाडी पूर्ण आपली घेऊन पाच-सहा जण एकत्र जाणं हा खर्च आवरण्याचा सगळ्यात सरळ मार्ग.

चालक-वाटाड्याची बक्षिसी वेगळी धरा, गाडीमागे दिवसाला वीस-पंचवीस डॉलर ही तिथली रीत आहे. हातात कोऱ्या, अलीकडच्या छापाच्या डॉलरच्या नोटा ठेवा. जुन्या किंवा घडी पडून फाटलेल्या नोटा तिथे कुणी घेत नाही.

लस, गोळ्या, कागद

पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त हवी. पर्यटक व्हिसा टांझानिया सरकारच्या संकेतस्थळावर मिळतो. सरकारी वाटावीत अशी मध्यस्थांची संकेतस्थळंही पुष्कळ आहेत, पत्ता नीट तपासून मगच पैसे भरा.

पिवळ्या तापाची लस हा विषय कंटाळवाणा आहे, पण टाळू नका. हा ताप भारतात नाही आणि तो येऊ नये म्हणून आपलं सरकार कडक आहे. केनिया, इथिओपिया अशा देशांतून तुम्ही परत येत असाल आणि लशीचं पिवळं कार्ड नसेल तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. टांझानियाही अशा देशातून येणाऱ्यांकडे, किंवा तिथे विमान बदलताना बारा तासांहून जास्त थांबलेल्यांकडे कार्ड मागतो. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, ठरावीक दिवशीच मिळते, आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. एकदा घेतली की कार्ड आयुष्यभर चालतं. साठीच्या पुढच्यांनी आणि प्रतिकारशक्तीचा काही त्रास असलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं.

मलेरिया मात्र तिथे सर्रास आहे. प्रतिबंधक गोळ्या कुठल्या, कधीपासून, परत आल्यावर किती दिवस, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. प्रवास विमा काढताना रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च त्यात आहे का ते बघा, कारण माळावरून मोठं रुग्णालय फार लांब आहे.

बॅग भरताना

निळा आणि काळा कपडा घरी ठेवा. झाडीच्या पट्ट्यांत त्सेत्से माशी असते आणि ती या दोन रंगांकडे धावून येते. तिचा चावा शर्टावरूनही कळतो, डासांच्या मलमाला ती फारशी जुमानत नाही. खाकी, मातकट, फिकट हिरवा चालेल. पण लष्करी ठिपक्यांचे कपडे नकोत. टांझानियात सामान्य माणसाने ते घालायला बंदी आहे.

थंडीचे कपडे घ्या. हे कुणाला पटत नाही. विषुववृत्ताजवळ असलं तरी सेरोनेरा साधारण १,५०० मीटर उंचीवर आहे आणि पहाटे उघड्या टपाच्या गाडीत वारा लागतो. न्गोरोंगोरोचा काठ तर २,२०० मीटरच्याही वर, तिथे धुक्यात कानटोपी लागते. जाड स्वेटर, कानटोपी, गळ्याभोवती एक सुती पंचा. पंचा धुळीसाठी, घामासाठी, कॅमेरा झाकण्यासाठी, सगळ्यालाच कामी येतो.

प्लास्टिकच्या कॅरीबॅगना टांझानियात जून २०१९ पासून बंदी आहे. खाऊ कॅरीबॅगांत बांधून नेऊ नका, डबे आणि कापडी पिशव्या घ्या. खाऊ मात्र जरूर घ्या. मेथीचे ठेपले, भडंग, डिंकाचे किंवा शेंगदाण्याचे लाडू. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच सांगा आणि पोचल्यावर स्वयंपाक्याला पुन्हा सांगा: "सिली न्यामा", मी मांस खात नाही. उपाशी राहाल अशी भीती नको. भात, घेवड्याच्या दाण्यांची राजम्यासारखी आमटी 'महारागे', आणि 'म्चिचा' नावाची पालेभाजी, जी म्हणजे आपला माठच, हे सगळीकडे मिळतं. चपातीला ते चपातीच म्हणतात, चहाला चाय, गाडीला गारी, दुकानाला दुका, विम्याला बिमा. भारताच्या पश्चिम किनाऱ्याशी शेकडो वर्षं चाललेल्या व्यापाराच्या या खुणा. असा शब्द कानावर पडला की परकेपण एकदम कमी होतं.

दुर्बीण माणशी एक हवी. एकच दुर्बीण घरात फिरवायची म्हटली तर ती तुमच्या हातात येईपर्यंत चित्ता गवतात बसलेला असतो. ८ बाय ४२ मापाची पुरे. विजेच्या बटणाला तिथे तीन चौकोनी पिनांचा प्लग लागतो, त्याचा जोड न्या. आणि कॅमेऱ्याची मोठी लेन्स असेल तर जुन्या जीन्सच्या पायाची एक पिशवी शिवा, रिकामीच न्या, अरुशात दोन किलो तांदूळ घेऊन भरा. गाडीच्या टपाच्या कडेवर ती ठेवली की लेन्स दगडासारखी स्थिर राहते. परतताना तांदूळ स्वयंपाक्याला देऊन टाका. ड्रोन मात्र नेऊच नका, परवानगीशिवाय उद्यानात तो चालत नाही.

रस्त्याचा दिवस

अरुशाहून सकाळी लवकर निघा. कराटूपर्यंत डांबरी रस्ता आहे, पुढे लोदोआरे नाक्यावर न्गोरोंगोरोची हद्द लागते आणि खडखडाट सुरू होतो. विवराच्या काठावरून पहिलं दर्शन घडतं तिथे थांबा, पण फार रेंगाळू नका. उतरणीला लागलं की मसाई लोकांच्या वस्त्या, गाईगुरं आणि त्यांच्याच शेजारी चरणारे झेब्रे दिसतात. १९५९ मध्ये न्गोरोंगोरो सेरेनगेटीपासून वेगळं काढलं, मसाईंना उद्यानातून इकडे यावं लागलं, आणि आता इथूनही त्यांच्या स्थलांतराचा प्रश्न पेटलेला आहे. ज्या मोकळ्या माळाचे आपण फोटो काढतो तो कुणाच्या तरी गुरांचं कुरण होता, एवढं भान ठेवून जावं. विचारल्याशिवाय माणसांचे फोटो काढू नका.

त्याच वाटेवर ओल्दुवाई घळ लागते. १९५९ साली मेरी लीकी यांना इथेच सतरा-अठरा लाख वर्षांपूर्वीच्या मानवसदृश कवटीचे तुकडे सापडले. एक तास काढता आला तर काढा.

स्वच्छतागृहं मोजक्याच ठिकाणी आहेत. नाका आला की गरज असो-नसो जाऊन या. मध्येच लागली तर चालकाला म्हणा, "कुचिंबा दावा". शब्दशः अर्थ औषधी मुळी खणायला जाणं, पण काय म्हणायचंय ते तिथे प्रत्येकाला कळतं. तो सुरक्षित जागा बघून गाडी थांबवेल. गाडीच्या आडोशालाच जायचं, झुडपामागे नाही.

नाबी टेकडीच्या नाक्यावर सेरेनगेटी सुरू होतं. कागद होईपर्यंत मागच्या पायवाटेने टेकडीवर चढा. सशाएवढे हायरॅक्स खडकांवर ऊन खात बसलेले असतात, आणि वरून चारही दिशांना माळ दिसतो.

बघायचं कसं

ताडोबात किंवा पेंचला गेलेल्या माणसाला कान लावून बसायची सवय असते. सांबराची हाक, वानराची खोक, मग जिप्सी तिकडे. इथे मोठी मदार नजरेवर आहे, आणि नजर बसायला अर्धा-एक दिवस लागतो. सुरुवातीला सगळं पिवळं गवत दिसतं. मग आकार दिसू लागतात.

काय शोधायचं ते सांगते. सेरोनेरा नदीकाठच्या बाभळीसारख्या झाडांच्या आणि लांब दुधीसारखी फळं लोंबणाऱ्या किगेलियाच्या आडव्या फांद्या बघा, झाड नव्हे, फांदी. खाली लोंबणारी शेपटी दिसली तर बिबट्या. माळावर वारुळाच्या उंचवट्यावर ताठ बसलेली आकृती दिसली तर चित्ता. तो उंचावरून सावज हेरत असतो. गॅझेलचा कळप चरणं सोडून एकाच दिशेला मान करून उभा असेल तर तिकडे काहीतरी आहे. गिधाडं घिरट्या घालत नुसती तरंगत असतील तर सोडून द्या, पण पाय खाली सोडून एकामागून एक उतरत असतील तर तिकडे चला. आणि कोप्ये. माळावर मध्येच उगवलेल्या ग्रॅनाइटच्या खडकांच्या ढिगांना इथे कोप्ये म्हणतात. सिंहीण पिलांना तिथे ठेवते. खडकावरचा प्रत्येक तपकिरी फुगवटा दुर्बिणीने बघा. मोरू कोप्येंच्या भागात काळे गेंडेही आहेत, आणि एका खडकाच्या आडोशाला मसाईंनी रंगवलेली ढालींची चित्रं.

मग गाडी थांबवायला शिका. सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. बिनतारी यंत्रावर बातमी येते, पाच गाड्या धावतात, फोटो होतात, पाच मिनिटांत सगळे पुढे. चालकालाही वाटतं, पाहुण्यांना "पाच मोठे" दाखवले की झालं: सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, आफ्रिकी रानम्हैस. पहिल्याच सकाळी त्याला सांगा, आम्हाला यादी पुरी करायची नाही. दोन शब्द पाठ करून ठेवा, "तुसुबिरी किडोगो", जरा थांबू या. इंजिन बंद करायला सांगा. इंजिनाची घरघर थांबली की गवत चावल्याचा आवाजसुद्धा ऐकू येतो.

पुढच्या खेपेला मी पुन्हा फेब्रुवारीतच गेले, या वेळी न्डुटूला. सकाळी नऊच्या सुमारास एक मादी कळपातून जराशी बाजूला होऊन खाली बसली. आम्ही इंजिन बंद केलं. तिच्या मागे पिलाचे ओले, पांढुरके खूर दिसत होते. ती उठली, फिरली, पुन्हा बसली. पिलू जमिनीवर पडलं तेव्हा मी घड्याळ बघितलं. मादी चाटत होती. पिलाने मागचे पाय उचलले आणि तोंडावर पडलं. पुन्हा. तिसऱ्यांदा पुढचे पाय फाकले आणि ते छातीवर आपटलं. दोनशे मीटरवरून एक तरस मान खाली घालून आरामात येत होतं, घाई अजिबात नव्हती. पाचव्यांदा पिलू उभं राहिलं, थरथरत, नाळ लोंबत. सात मिनिटं झाली होती. आई दोन पावलं चालली, पिलू चार पावलं धडपडलं, आणि मग दोघं कळपात शिरली. त्या एका रंगाच्या हजारो पाठींत ती कुठली ते आम्हालाही सांगता येईना, तरसालाही. ते थांबलं, वास घेतला, आणि दुसरीकडे वळलं. त्यानंतर कितीतरी वेळ गाडीत आम्ही सगळे गप्प होतो.

नियम थोडेच आहेत, पण ते जिवापाड पाळा. गाडीतून उतरायचं नाही, टपावर बसायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. वेगाची मर्यादा ताशी ५० किलोमीटर. उद्यानात रस्ता सोडून माळावर गाडी घालता येत नाही. न्डुटूच्या न्गोरोंगोरोकडच्या बाजूला चालतं, पण तिथेही चित्त्याला घेरू नका. चित्ता दिवसा शिकार करतो, आणि गाड्यांच्या कोंडाळ्यात त्याची शिकार हुकली तर पिलं उपाशी राहतात. भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं होतं, २०२२ मध्ये आपण तो नामिबियाहून कुनोला आणला. ज्यांनी हे प्राणी गमावण्याचं दुःख जाणलंय त्यांनी तरी चालकाला म्हणावं, लांबूनच बघू. मारा नदीवरही तसंच. कळप काठावर जमत असताना गाडी त्यांच्या वाटेत लावली तर ते मागे फिरतात, आणि चार तास वाट पाहणाऱ्या सगळ्यांचं मुसळ केरात जातं.

दुपारी बारा ते तीन उजेड भगभगीत असतो, जनावरं सावलीत. तेव्हा पक्षी बघा. आपल्या नीलपंखाचा जांभळ्या छातीचा भाऊ प्रत्येक झुडपावर असतो. माळावर चालणारा कोरी बस्टर्ड पाहिला तेव्हा माझ्या पोटात कालवलं, कारण तो आपल्या माळढोकाच्याच कुळातला, आणि सोलापूरच्या नान्नजला माळढोक बघायला जाऊन मी दोनदा रिकाम्या हाती परतले आहे.

रात्र

बहुतेक तंबूतळांना कुंपण नसतं. अंधार पडल्यावर एकट्याने तंबूबाहेर पडायचं नाही. जेवायला जाताना-येताना राखणदार, म्हणजे अस्कारी, विजेरी घेऊन सोबत येतो, त्याला बोलवा. तंबूची चेन पूर्ण लावा आणि खाऊचा डबा आत ठेवू नका. तो स्वयंपाकाच्या जागेतच राहू दे. रात्री सिंहाचा आवाज खूप जवळून आल्यासारखा वाटतो. तो कित्येक किलोमीटर ऐकू जातो, तेव्हा घाबरून बाहेर डोकावू नका, पडून ऐका.

घड्याळाची एक गंमत सांभाळा. स्वाहिली माणूस तास सूर्योदयापासून मोजतो. स्वयंपाकी "साआ मोजा", म्हणजे एक वाजता चहा म्हणाला, तर तो सकाळी सातचा चहा आहे. वेळ ठरवताना बोटाने घड्याळावर दाखवून घ्या. तिथली वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे.

परतीच्या वाटेवर न्गोरोंगोरो

विवराचा तळ सुमारे २६० चौरस किलोमीटर, कडे सहाशे मीटर उंच. सकाळी सहाला उतरणाऱ्या पहिल्या गाड्यांत आपली असावी, कारण दहानंतर गर्दी होते. काळा गेंडा दिसण्याची चांगली संधी इथे आहे, बहुधा लांबूनच, म्हणून दुर्बीण पुन्हा. जिराफ शोधत बसू नका, खाली विवरात जिराफ नाहीत. न्गोइतोकितोक झऱ्यापाशी जेवायला थांबतात तिथे जेवण गाडीतच करा. घारी वरून झेप घेऊन हातातला घास नेतात आणि त्यांच्या नख्या बोटाला लागतात. माझ्या मावसबहिणीचा ठेपला असाच गेला आणि अंगठ्यावर तीन टाक्यांएवढी जखम राहिली.

घरी आल्यावर

मुंबईत उतरताना पिवळं कार्ड पासपोर्टमध्येच ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस पुऱ्या करा. कंटाळून मध्येच सोडणारे खूप असतात. आणि पुढच्या काही आठवड्यांत, अगदी दोन-तीन महिन्यांतही ताप आला, तर साधा व्हायरल समजून अंगावर काढू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि दारातच सांगा, "मी आफ्रिकेला जाऊन आलेय, मलेरियाची तपासणी करा."